हलणारी मूर्ती आणि हलणारे चित्र

रायपूर शहरात अनंत चतुर्दशीनंतरची एक रात्र जागरणाची असते. गणेश मंडळांचे देखावे वाहनांवर चढतात आणि जयस्तंभ चौक, मालवीय मार्ग, सदर बाजार अशा वाटेने खारून नदीवरील महादेव घाटाच्या दिशेने सरकू लागतात. या देखाव्यांना तिकडे ‘झांकी’ म्हणतात. शेजारच्या राजनांदगावच्या झांक्यांची ख्याती मोठी. त्यांतील काही आपल्या गावची मिरवणूक आटोपून रायपूरलाही येतात. भोसल्यांच्या अमदानीपासून या प्रदेशात मराठी कुटुंबे स्थिरावलेली आहेत, आणि पुण्या-मुंबईचे हलते देखावे पाहिलेल्या त्यांच्या पाहुण्यांना या रात्री काही परके वाटत नाही. वाहनावर फळ्यांचा रंगमंच असतो, त्यावर पुराणातील एखादा प्रसंग मांडलेला असतो आणि त्यातील मूर्ती हलत असतात. राक्षसाची मान फिरते, देवीचा हात उंचावतो, नागाची फणा डोलते. आत मोटार असते, लोखंडी दांडे असतात, साखळ्या असतात. पण वडिलांच्या खांद्यावर बसून पाहणाऱ्या मुलाला ते दिसत नाही. त्याला दिसतो तो जिवंत राक्षस.

यंत्राच्या साहाय्याने मूर्तीला किंवा बाहुलीला हालचाल देण्याच्या या विद्येला ‘अ‍ॅनिमेट्रॉनिक्स’ असे नाव आहे. मोठ्या चित्रपटांतील संगणकाच्या आज्ञेने हलणारे प्राणी हे तिचे खर्चिक रूप, तर झांकीतील राक्षस हे तिचे साधे, गल्लीतले रूप. दुसरीकडे ‘अ‍ॅनिमेशन’ हा शब्द आता खेड्यापाड्यांतील मुलांच्याही तोंडी आहे. दोन्ही शब्दांचा आरंभ एकच असल्यामुळे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. झांकीतील मूर्ती हलवणे हाही अ‍ॅनिमेशनचाच एक प्रकार मानावा काय?

प्रश्न वरवर पाहता केवळ शब्दांचा आहे. परंतु एखाद्या कामाला कोणते नाव मिळते यावर त्या कामाचे पुष्कळ काही अवलंबून असते. २०२२ साली केंद्र शासनाने अ‍ॅनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या चार क्षेत्रांसाठी एक कार्यगट नेमला. या क्षेत्रांत रोजगार आहे, म्हणून त्यांचे शिक्षण द्यावे, असा त्यामागील विचार. या चार नावांत हलत्या मूर्तीचे नाव नाही. संगणकाच्या पडद्यावर राक्षसाचा हात उंचावणारा तरुण ‘अ‍ॅनिमेटर’ ठरतो, त्याच्यासाठी अभ्यासक्रम निघतात, प्रमाणपत्रे मिळतात. तोच हात लोखंडाचा आणि कापडाचा करून रस्त्यावर उंचावणारा माणूस मात्र मंडळाच्या हिशेबात ‘वेल्डर’ किंवा ‘मेकॅनिक’ एवढाच उरतो. त्याचे कौशल्य नेमके कशात मोडते, हे ठरवणे म्हणूनच निरर्थक नाही.

हलती मूर्ती म्हणजे अ‍ॅनिमेशनच, असे म्हणणाऱ्यांचा पहिला आधार शब्दाची व्युत्पत्ती हा असतो. लॅटिन भाषेतील ‘अनिमा’ म्हणजे श्वास, प्राण. जे निर्जीव आहे त्यात प्राण असल्याचा भास निर्माण करणे म्हणजे अ‍ॅनिमेशन. मराठीत काहींनी त्यासाठी ‘सचेतनीकरण’ असा शब्द वापरला तोही याच अर्थाने. मग कागदावरची रेघ सचेतन केली काय आणि मातीची मूर्ती सचेतन केली काय, फरक कुठे राहिला? या मताला इतिहासाचाही थोडा पाठिंबा आहे. वॉल्ट डिस्ने यांची कीर्ती हलत्या चित्रांनी झाली, आणि त्यांच्याच संस्थेने १९६३ साली अमेरिकेतील डिस्नेलँडमध्ये यंत्रांनी चोच हलवणारे, गाणारे पक्षी उभे केले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात अब्राहम लिंकन यांची प्रतिमा खुर्चीतून उठून भाषण करू लागली. अशा मूर्तींच्या रचनेत मार्क डेव्हिस यांच्यासारखा, डिस्नेच्या चित्रपटांत वर्षानुवर्षे रेखाचित्रे हलवलेला कलावंत सामील होता. एकच माणूस दोन्ही कामे करतो, तेव्हा ती दोन कामे एकाच कलेची असावीत, असे वाटणे स्वाभाविक आहे.

पण याच उदाहरणात उलट साक्षही दडलेली आहे. डिस्नेच्या संस्थेने या बोलत्या पक्ष्यांना अ‍ॅनिमेशन म्हटले नाही; त्यांच्यासाठी तिने वेगळे नाव चालवले. ज्यांच्या घरात अ‍ॅनिमेशन वाढले त्यांनाच या नव्या अपत्यासाठी निराळे नाव हवे वाटले, ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही. शिवाय व्युत्पत्ती हा अर्थाचा पुरावा म्हणून फार दूर जात नाही. ‘अन्न’ म्हणजे मुळात जे खाल्ले जाते ते. म्हणून खाल्ले जाणारे औषध काही अन्न ठरत नाही.

अ‍ॅनिमेशन म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी, १९१२ साली, कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची छायाचित्रे रोज थोडी थोडी, महिन्याहून अधिक काळ घेतली. ती सलग दाखवली तेव्हा काही क्षणांत बीजातून रोप वर आलेले दिसले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही छोटी फीत पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी त्यांना भांडवल दिले, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. पुढे १९१५ साली फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. तिच्यात आगपेटीतल्या काड्या आपोआप हलत होत्या. ती फीत आज पाहायला मिळत नाही, पण तिची रीत ठाऊक आहे: काडी किंचित सरकवायची, एक छायाचित्र घ्यायचे, पुन्हा किंचित सरकवायची, पुन्हा एक छायाचित्र घ्यायचे.

या दोन फितींमधला फरक सूक्ष्म आहे, पण सगळा वाद त्यातच सुटतो. वाटाण्याचा अंकुर खरोखरच वाढत होता. डोळ्यांना न दिसण्याइतक्या संथ गतीने का होईना, ती हालचाल जगात घडली होती. कॅमेऱ्याने तिचा वेग फक्त वाढवला. आगकाडी मात्र कधीच नाचली नाही. प्रत्येक छायाचित्राच्या वेळी ती निपचित पडलेली होती. ती नाचली ते केवळ पडद्यावर, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत. अ‍ॅनिमेशनचा प्राण येथे आहे. ज्या हालचाली कोठेही, कधीही घडल्या नाहीत, त्या एका चित्रानंतर दुसरे चित्र ठेवून घडल्यासारख्या दाखवणे, हे अ‍ॅनिमेशन. चित्रपटाच्या पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात, आणि अ‍ॅनिमेटरची सगळी करामत त्या चित्रांपेक्षाही दोन चित्रांच्या मधल्या अंतरात असते. अंतर वाढवले की गती वाढते, घटवले की गती मंदावते.

जगातील जाणकारांनीही हीच रेषा आखली आहे. १९६० साली फ्रान्समधील अ‍ॅनसी येथे अ‍ॅनिमेशन कलावंतांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. थेट चित्रण सोडून अन्य कोणत्याही तंत्राने निर्माण केलेली हलती चित्रे म्हणजे अ‍ॅनिमेशन, असा तिचा आशय आहे. अमेरिकेच्या ऑस्कर पुरस्कारांच्या नियमांत २०१० साली अशी स्पष्टता आणली गेली, की नटाच्या अंगावर खुणा लावून त्याच्या हालचाली संगणकात टिपणे हे एवढ्यापुरते अ‍ॅनिमेशनचे तंत्र मानता येणार नाही. कारण उघड आहे. तेथे हालचाल नटाने केलेली असते. संगणकाने तिला केवळ दुसरी कातडी चढवलेली असते.

ही कसोटी झांकीला लावली की उत्तर लपत नाही. सदर बाजारात राक्षसाचा हात उंचावतो तेव्हा तो खरोखर उंचावतो. त्याखाली कोणी डोके घातले तर लागेल. ती हालचाल पाहणाऱ्याच्या डोळ्यांत तयार होत नाही, ती रस्त्यावर, पाहणाऱ्याच्याच काळात आणि त्याच्याच हवेत घडते. तेव्हा हलती मूर्ती हे अ‍ॅनिमेशन नव्हे, असेच म्हणावे लागते.

मग ती काय आहे? १९९३ साली महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ चित्रपटाने महाराष्ट्रातील मुलांची झोप उडवली. त्यातील तात्या विंचू हा बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला आणि हलवला. त्या बाहुल्याला पाहून कोणी त्या चित्रपटाला अ‍ॅनिमेशनपट म्हटले नाही, आणि ते योग्यच झाले. कारण कॅमेऱ्यासमोर बाहुला हलत होता आणि त्याला हलवणारा बाहुलीकार त्याच क्षणी निर्णय घेत होता: आता मान वळवायची, आता थांबायचे. ही परंपरा बोलक्या बाहुल्यांची, आणि तिच्याही मागे कळसूत्री बाहुल्यांची. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने ती कला चित्रकथीच्या जोडीने सांभाळली; तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

‘कळसूत्री’ हा शब्द येथे जरा थांबून पाहण्यासारखा आहे. त्यात ‘सूत्र’ म्हणजे दोरी आहे हे सर्वांच्या लक्षात येते, पण आधी ‘कळ’ आहे, म्हणजे यंत्राची किल्ली, यंत्रातील युक्ती. दोरीने हलणारी आणि कळीने हलणारी बाहुली मराठी भाषेने एकाच शब्दात बसवून ठेवली आहे. (राजकारणात हा शब्द दुसऱ्याच्या तालावर नाचणाऱ्या माणसासाठी हिणकस अर्थाने वापरला जातो, त्यात बाहुलीचा काही अपराध नाही.) लाकडी यंत्रपुतळ्यांची वर्णने तर अकराव्या शतकातील राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘समराङ्गणसूत्रधार’ या संस्कृत ग्रंथातही आहेत. झांकीतील राक्षसाला इतके जुने आणि इतके आपले गोत्र उपलब्ध असताना, अवघ्या शतकभराच्या वयाच्या चित्रपटतंत्राचे आडनाव त्याला उसने घेऊन का लावावे?

प्रत्येक हलणारी वस्तू या गोत्रात बसते असेही नाही. पोळ्याच्या सणाला छत्तीसगढमधील मुले चाके लावलेला मातीचा बैल ओढत नेतात. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल असतो. तो बैल दारोदार फिरतो, तरी तो चालतो असे कोणी मानत नाही. त्याचे पाय हलत नाहीत, तो फक्त ओढला जातो. मूर्ती कळसूत्री ठरते ती तिचे अवयव हलू लागतात आणि त्या हालचालीमागे तिचा स्वतःचा काही हेतू आहे असा भास होतो तेव्हा.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते. पण विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा अजून शिल्लक आहे, आणि तो टाळून पुढे जाणे न्यायाचे होणार नाही. बाहुलीकार आपला निर्णय प्रयोगाच्या क्षणी घेतो. झांकीतील राक्षसामागे मात्र कोणीच बसलेले नसते. त्याचा हात किती उंच जावा, किती वेगाने जावा, वर गेल्यावर किती थांबावा, हे सगळे मिरवणुकीच्या आधीच कोणीतरी ठरवून ठेवलेले असते. हालचाल आधी रचायची आणि नंतर ती जशीच्या तशी चालू द्यायची, ही तर अ‍ॅनिमेटरची रीत झाली!

ती रचना कशी होते, हे पाहिल्यावर या मुद्द्याचे वजन कळते. पिठाच्या गिरणीवर असते तशी साधी विजेची मोटार मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. राक्षसाची मान त्या वेगाने फिरली तर ती मान राहणार नाही, पंखा होईल. म्हणून मोटारीला गिअरबॉक्स किंवा लहानमोठ्या पुल्या जोडून तो वेग मिनिटाला दहा-पंधरा फेऱ्यांवर आणावा लागतो. लहान मूर्तींसाठी मोटारगाडीच्या काचेवरील वायपरची मोटारही वापरतात. तिच्यात वेग कमी करण्याची सोय आधीच असते. आता गोल फिरणाऱ्या चाकापासून वरखाली होणारा हात मिळवायचा. त्यासाठी चाकाच्या कडेजवळ एक खिळ बसवून तिला दांडा जोडतात. याला क्रँक म्हणतात. क्रँकची एक गंमत आहे. तिच्यामुळे हात दोन्ही टोकांना आपोआप मंदावतो आणि मध्ये वेगवान होतो. हालचालीच्या सुरुवातीला आणि शेवटी चित्रे जवळजवळ ठेवावीत, मध्ये विरळ ठेवावीत, हा अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्याला मिळणारा पहिल्या काही पाठांपैकी एक पाठ. गल्लीतल्या कारागिराला तो पाठ एका खिळीने शिकवलेला असतो.

परंतु नुसत्या क्रँकवर हलणारी मूर्ती थोड्याच वेळात कंटाळवाणी होते. हात वर, हात खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. त्यात राग नाही, विचार नाही. चांगला कारागीर येथे लोखंडी पत्र्याचा किंवा लाकडाचा कॅम कापतो. कॅम म्हणजे गोल नसलेले चाक. त्याच्या कडेवरून एक दांडा सरकत राहतो आणि कडा जशी उंच-सखल असेल तसा वर-खाली होतो. कॅमचा आकार गोगलगाईच्या शंखासारखा, हळूहळू वाढत जाऊन एका ठिकाणी एकदम तुटलेला ठेवला, तर राक्षसाची तलवार सावकाश उचलली जाते आणि खाडकन खाली येते. कडेचा एक भाग सारख्या अंतरावर ठेवला, तर तलवार वर गेल्यावर क्षणभर थबकते, आणि त्या थबकण्यातच पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. अ‍ॅनिमेटर दोन चित्रांतले अंतर मोजतो. हा कारागीर कानसीने कडा घासतो. दोघेही एकाच गोष्टीचा विचार करत असतात: केव्हा हलावे, केव्हा थांबावे.

ही सरमिसळ मोठ्या चित्रपटांतही झाली आहे. ‘ज्युरासिक पार्क’ (१९९३) या चित्रपटात प्रचंड डायनोसॉर दोन मार्गांनी आले. स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेने सुमारे १२ मीटर लांबीचा, चार टनांहून जड असा यंत्रचालित प्राणी बांधला. पावसाच्या दृश्यात त्याच्या अंगातील फोम पाणी शोषून घेई आणि तो थरथरू लागे. काही दृश्यांतील प्राणी मात्र संगणकावर घडवले गेले. त्यांच्यासाठी फिल टिपेट यांच्या कलावंतांनी धातूचा एक लहान सांगाडा वापरला. त्याच्या सांध्यांत संवेदक होते. कलावंत तो सांगाडा हाताने किंचित वाकवत आणि प्रत्येक वेळची स्थिती संगणकात नोंदली जाई. फाळक्यांची आगकाडी आणि कळसूत्री बाहुली तेथे एकाच टेबलावर भेटल्या, असे म्हणण्यास हरकत नाही. तरीही पडद्यावर आल्यावर दोहोंतला भेद पुसला गेला नाही. विन्स्टन यांचा प्राणी नटांच्या अंगावर खरोखर धावून आला. टिपेट यांच्या सांगाड्याने कोणालाच भ्यायला लावले नाही, भीती घातली ती त्यातून निघालेल्या चित्रांनी.

तात्पर्याने कला वेगळ्या आहेत, पण त्यांच्या मुळाशी असलेले कौशल्य एक आहे. असे एरवीही घडते. सुतार आणि जहाज बांधणारा यांना लाकडाची सारखीच जाण लागते, म्हणून खुर्चीला कोणी जहाज म्हणत नाही. आणि जहाज बांधणाऱ्याला मान द्यायचा म्हणून सुताराला कमी लेखण्याचेही कारण नसते. हलत्या मूर्तीच्या बाबतीत मात्र नेमके हेच कमी लेखणे घडत आले आहे. तिला अ‍ॅनिमेशन म्हणा, असा आग्रह धरणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगला असतो. नाव मिळाले तर मान मिळेल, असे त्यांना वाटते. पण उसन्या नावाने मिळालेला मान त्या नावाच्या नियमांवर चालतो. उद्या अ‍ॅनिमेशनच्या स्पर्धेत झांकी उतरली, तर तिचे परीक्षण तिच्या चित्रफितीवरून होईल, आणि चित्रफितीत ती नेहमीच फिकी दिसेल. राक्षसाच्या तलवारीचा वारा चित्रफितीत येत नाही.

त्यापेक्षा ज्यांच्या हाती अभ्यासक्रम आहेत त्यांनी दुसरा विचार करावा. अ‍ॅनिमेशनच्या वर्गात गती आणि विराम यांचे जे शिक्षण दिले जाते, ते दिवसा वेल्डिंगच्या दुकानात राबून रात्री पुस्तक उघडणाऱ्या तरुणापर्यंतही पोहोचले पाहिजे. त्याने संगणक घेतला नाही तरी. आणि संगणकावर शिकणाऱ्याने एकदा तरी कॅम कापून पाहावा. पडद्यावर चुकलेली हालचाल पुसता येते. लोखंडात चुकलेली हालचाल मिरवणुकीत रात्रभर सर्वांसमोर चुकत राहते, आणि त्या धाकाने हात जितका शिकतो तितका अन्य कशाने शिकत नाही.

मंडळांच्या हाती अभ्यासक्रम नाहीत, पण फलक आहेत. चित्रपट संपल्यावर अ‍ॅनिमेटरचे नाव, कितीही बारीक अक्षरांत का होईना, पडद्यावरून सरकते. झांकीच्या दर्शनी फलकावर सहसा मंडळाचे नाव असते, देणगीदारांची नावे असतात, फार तर मूर्तिकाराचे असते. राक्षसाला थबकायला शिकवणाऱ्याचे नाव तेथे आढळणे विरळाच. त्या फलकावर ‘हालचाल’ असा शब्द आणि त्यापुढे एक नाव, एवढी एक ओळ वाढवायला कोणत्याही कार्यगटाची परवानगी लागत नाही. रंगाचा डबा मंडपात असतोच.